शुक्रवार मावळला की आमचा शब्बाथ सुरू : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की आमच्याकडे शनिवारी मोठा स्वयंपाक होत नाही, कारण आम्ही सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, आमचं चर्च शनिवारी असतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की आजचा पूर्ण कॉलम त्यालाच देतेय. सगळीच पत्रं घेता आली नाहीत, पण जे पुन्हा पुन्हा विचारलं गेलंय ते घेतलंय.

ताई, आमच्या शेजारी नवीन कुटुंब राहायला आलंय. ख्रिश्चन आहेत, पण रविवारी घरीच कपडे धुतात आणि शनिवारी सकाळी छान तयार होऊन सगळे चर्चला जातात. शुक्रवारी संध्याकाळी टीव्ही बंद, आणि गाण्यांचा आवाज येतो. सासूबाई म्हणतात शनीचं काहीतरी व्रत असेल. तसं काही असतं का? – एक वाचक भगिनी, खडकी

सासूबाईंना सांगा, शनीशी काही संबंध नाही, वाराचं नाव तेवढं शनिवार. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे की देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, आणि दहा आज्ञांमधली चौथी आज्ञा तो सातवा दिवस पवित्र पाळायची आहे, आठवडा रविवारपासून मोजला की सातवा शनिवारच येतो. त्यालाच शब्बाथ म्हणायचं. आणि दिवस मोजायचा सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत, म्हणून तुम्हाला शुक्रवारी संध्याकाळी गाणी ऐकू येतात, ती शब्बाथचं स्वागत करायची घरातली प्रार्थना असते.

आणि खरं सांगू का, शनिवारी काम न करणारी माणसं महाराष्ट्राला अजिबात नवीन नाहीत. कोकणातले बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नावच दिलं शनवार तेली. ते ज्यू, आम्ही येशू ख्रिस्ताला मानणारे, त्यामुळे धर्म वेगळे, पण आज्ञा एकच. मला ते शनवार तेली नाव फार आवडतं, कारण गावाला त्यात काही खटकलं नाही, लोकांनी बघितलं की यांचा घाणा शनिवारी फिरत नाही आणि तसं नाव ठेवून मोकळे झाले.

चर्च म्हणून आम्ही 1863 साली अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे संघटित झालो. ॲडव्हेंट म्हणजे आगमन, येशू परत येणार या आशेवरून ते नाव. आज जगभरात दोन कोटींहून जास्त सभासद आहेत. भारतात 1893 ला मद्रासच्या बंदरावर पुस्तकं विकणारे दोन जण उतरले, तिथून सुरुवात. तुम्ही खडकीत राहता म्हणजे औंध रोडवरचं स्पायसर तुम्हाला माहीत असणारच, ते आमचंच कॉलेज, 1915 ला कोइमतूरला सुरू झालं आणि 1942 ला पुण्यात आलं. सॅलिसबरी पार्कात आमचा छापखाना, आणि पूर्वी अख्ख्या दक्षिण आशियाचं मुख्य ऑफिसही तिथेच होतं, ते 1989 ला तामिळनाडूत होसूरला हललं. म्हणून पुण्यात आमची माणसं तुम्हाला जरा जास्तच भेटतील, मराठी, तेलुगू, मिझो, सगळ्या भाषांची.

शेजाऱ्यांकडे शुक्रवारी दुपारी कधी डोकावून बघा, खरा शब्बाथ तिथे दिसतो. आम्ही शुक्रवारला तयारीचा दिवस म्हणतो. मी एका मिशन बोर्डिंगात वाढले, तिथे शुक्रवारी दुपारी सगळ्या मुली ओळीनं व्हरांड्यात बसून बूट पॉलिश करायच्या, एक डबी पंधराजणींत फिरायची, इस्त्रीला नंबर लागायचा, आणि सूर्य समोरच्या चिंचेच्या मागे गेला की जे राहिलं ते राहिलं. पुण्यात जूनअखेर सूर्य सव्वासातला मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारालाच, त्यामुळे हिवाळ्यात नोकरी करणाऱ्या बायकांची किती धावपळ होते ते मी स्वतः तीस वर्षं केलंय म्हणून सांगते. भाजी चिरून, कणीक मळून, नाहीतर सगळं करूनच ठेवायचं, केर-फरशी, मुलांच्या आंघोळी, आणि मग दिवा लावायच्या वेळेला सगळे एकत्र बसायचं. त्या क्षणी घरात जी शांतता येते ना, तिच्यासाठी मी आठवडाभर थांबते.

ताई, मी सेकंड इयरला आहे. माझ्या बेस्ट फ्रेंडनं मला तिच्या ॲडव्हेंटिस्ट चर्चला बोलावलंय. आम्ही हिंदू आहोत, आई म्हणाली जा पण आधी नीट माहिती काढ. तिथे काय करतात, काय घालायचं, चपला काढायच्या का, आणि मला धर्म बदलायला सांगतील का? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

आईचं बरोबर आहे, माहिती काढूनच जावं. आधी सोपं सांगते. साधा स्वच्छ पंजाबी ड्रेस घाल. बाकं असतील तर चपला पायात असल्या तरी चालतात, सतरंजीवर बसायचं असेल तर दाराशी चपलांचा ढीग दिसेलच. आमच्या बऱ्याच बायका दागिने घालत नाहीत, काहीजणी मंगळसूत्रही नाही, तो साधेपणाचा जुना रिवाज आहे, पण तुझे कानातले काढ असं तुला कोणी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलंच तर ते चुकीचं आहे असं मीच इथे लिहून ठेवते.

आत गेलीस की लोक म्हणतील हॅपी सॅबथ, तूही म्हण. सकाळी साधारण साडेनऊला शब्बाथ शाळा सुरू होते. शाळा म्हणजे लहान मुलांचीच असं नाही, ऐंशी वर्षांच्या आजीही शब्बाथ शाळेत असतात. आधी सगळ्यांचं मिळून गाणं-प्रार्थना, मग मिशनची गोष्ट वाचतात, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या देशातल्या मंडळीची, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांची, खरी हकिकत, आणि मग गट पडतात, वयाप्रमाणे आणि भाषेप्रमाणे. प्रत्येकाकडे धड्याचं पुस्तक असतं, तीन महिन्यांचं, तेरा आठवड्यांचे तेरा धडे, आणि त्या आठवड्याचा धडा जगभर एकच असतो. तू सोलापुरात जो धडा ऐकशील तोच त्या दिवशी केनियात आणि ब्राझीलमध्ये चालू असतो. हे धडे 1852 पासून छापले जाताहेत, म्हणजे चर्च संघटित व्हायच्याही आधीपासून. तेराव्या शब्बाथला जे दान गोळा होतं त्यातला भाग जगातल्या एखाद्या भागातल्या शाळेला, दवाखान्याला असा ठरवून जातो. मला विचारशील तर शब्बाथ शाळा हाच सगळ्यात जिवंत भाग, कारण तिथे प्रश्न विचारता येतात. चांगला शिक्षक असेल तर तो स्वतः कमी बोलतो. आमच्या मराठी वर्गात एक रिक्षावाले काका आहेत, शिकलेले सातवीपर्यंत, पण बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकावर असे प्रश्न काढतात की पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पास्टरना, घरी जाऊन वाचून यावं लागतं.

अकराच्या सुमाराला मुख्य उपासना. गाणी, गुडघे टेकून प्रार्थना, दान, मुलांना पुढे बोलावून छोटी गोष्ट, मग पाळकांचा नाहीतर वडिलांचा संदेश, शेवटी गीत आणि आशीर्वाद. वडील म्हणजे वयानं वडील नाही हं, मंडळीनं निवडलेले एल्डर. गुडघे टेकायचे नसतील तर नुसती शांत बसून राहा. दानाची थैली पुढे आली की काही टाकायलाच पाहिजे असं नाही, पुढे सरकवायची. संपलं की डीकन, म्हणजे मंडळीतली सेवेची कामं बघणारे, एकेक रांग बाहेर सोडतात आणि दाराशी सगळे एकमेकांचा हात धरून दोन शब्द बोलतात, तिथे नवीन माणसाला इतके लोक भेटतात की तू गोंधळशील, पण तो गोंधळ मायेचाच असतो. मग जेवण. दुपारनंतर तरुणांचा कार्यक्रम, क्विझ, गाणी, कधी हॉस्पिटलमध्ये जाऊन पेशंटना भेटणं, आणि सूर्यास्ताला पुन्हा छोटी प्रार्थना करून शब्बाथ संपवायचा. तू सकाळपुरती गेलीस तरी चालेल.

आता धर्माचं. तुला खरं उत्तर द्यायचंय. हो, आमचं चर्च प्रचार करणारं चर्च आहे, आपला विश्वास दुसऱ्याला सांगावा असं आम्ही मानतो, त्यामुळे कोणीतरी तुला बायबल अभ्यास करशील का असं विचारू शकतं. नको वाटलं तर सरळ नको म्हण, तेवढं पुरतं. आमच्यात तान्ह्या बाळाचाही बाप्तिस्मा होत नाही, बाळासाठी नुसती समर्पणाची प्रार्थना करतात, माणूस कळता झाल्यावर अभ्यास करून स्वतः म्हणेल तेव्हाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. म्हणजे आमच्या घरात जन्मलेल्या मुलालाही त्यानं स्वतः ठरवेपर्यंत आम्ही थांबवतो, मग पाहुण्या मुलीवर कोण जबरदस्ती करणार. मैत्रिणीबरोबर जा आणि घरी येऊन आईला सगळं सांग.

मी ऐकलंय की तुमच्या चर्चमध्ये लोक एकमेकांचे पाय धुतात, हे खरं आहे का? – एक वाचक, अहिल्यानगर

अगदी खरं. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करायचा विधी, आमच्याकडे साधारण तीन महिन्यांतून एकदा असतं आणि त्याच्या आधी पाय धुण्याचा विधी. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशूनं शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे धुवा म्हणाला, आम्ही ते शब्दशः घेतो. पुरुष एका खोलीत, बायका दुसऱ्या खोलीत, नवरा-बायकोला एकत्र करायचं असेल तर काही ठिकाणी त्यांची वेगळी सोय असते. स्टीलचं घमेलं, कोमट पाणी, टॉवेल. एकीनं खुर्चीवर बसायचं, दुसरीनं खाली बसून तिच्या पावलांवर पाणी घालायचं, पुसायचं, मग जागा बदलायची, मग हात धरून प्रार्थना.

आपल्याकडे पाय धुणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, लग्नात जावयाचे धुतात, मोठ्यांच्या पाया पडतात, पण मोठ्यानं लहानाचे पाय धुवायचे हे आपल्याला नाही सुचत. एकदा मंडळीतल्या एका बाईशी माझं जवळजवळ वर्षभर बोलणं बंद होतं, कारण अगदी साधं, लग्नातल्या आमंत्रणाचं, आणि त्या शब्बाथला ती घमेलं घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या हाताला फोडणीचा वास होता, शुक्रवारचा. माझ्या टाचांना भेगा, मला इतकी लाज वाटली की मी पाय मागे घेतला, आणि तिनं तो धरून ठेवला. त्यानंतर भांडायला काही उरलंच नाही. भोजनात बिनखमिराची भाकर आणि द्राक्षांचा न आंबवलेला रस, दारू नाही, आणि येशूला मानणारा दुसऱ्या चर्चचा माणूस असला तरी त्यालाही घेता येतं.

शेजारच्या ॲडव्हेंटिस्ट काकूंनी आम्हाला शनिवारच्या जेवणाला बोलावलंय, प्रत्येकजण घरून एक पदार्थ आणतो म्हणे. काय न्यावं? चहा पण घेत नाहीत असं ऐकलं. – एक जोडपं, वसई

शाकाहारी काहीही न्या, निश्चिंत मनानं. सगळे ॲडव्हेंटिस्ट शाकाहारी असतात असं नाही, घरी चिकन, मासे खाणारे भरपूर आहेत, पण डुक्कर नाही आणि खवल्याशिवायचं काही नाही, म्हणजे कोळंबी, चिंबोरी, शिंपल्या नाहीत, आणि वसईत राहून हे पाळणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच. दारू, तंबाखू तर पूर्ण बंद. पण चर्चच्या एकत्र जेवणात बहुतेक ठिकाणी शाकाहारीच असतं. मसालेभात, वांग्याची भाजी, मटकीची उसळ, कोशिंबीर, शिरा, यातलं काहीही. एकच सांगते, थंड झालं तरी चांगलं लागेल असं न्या, कारण संदेश लांबला तर दीड वाजतो.

चहा-कॉफी घेऊ नये अशी शिकवण आहे खरी, तरी बऱ्याच घरांत सकाळी होतोच, पण चर्चमध्ये तुम्हाला गवती चहा आणि आलं उकळलेलं गरम काहीतरी मिळेल. हे आरोग्याचं वेड आमच्यात सुरुवातीपासून आहे, आपल्या नाश्त्यातले कॉर्नफ्लेक्ससुद्धा बॅटल क्रीकच्या आमच्या सॅनिटेरियममधूनच निघाले. अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे 96 हजार ॲडव्हेंटिस्टांचा खाण्याच्या सवयींवर मोठा अभ्यास 2002 पासून कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठानं केलाय, दीर्घायुषी लोकांचं गाव म्हणून लोमा लिंडाचं नाव तुम्ही वाचलं असेल. पण तिथे जाऊन तुम्ही एवढं सगळं बोलू नका, उसळ छान झालीय म्हणा, बायकांना तेच ऐकायचं असतं.

दशमांश म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा चर्चला द्यावाच लागतो का? पाळकाला जातो का तो पैसा? – एक वाचक, जालना

सभासदांनी द्यावा असं शिकवतात, बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावरून, पण कोणी पगाराची स्लिप मागत नाही. पाकिटावर स्वतःच लिहायचं आणि पावती मिळते. तो पैसा त्या चर्चच्या पाळकाच्या हातात जात नाही, वर विभागाकडे जातो आणि तिथून सगळ्या पाळकांना ठरलेला पगार मिळतो, त्यामुळे श्रीमंत मंडळीचा पाळक श्रीमंत आणि गरीब मंडळीचा उपाशी असं होत नाही. वीज बिल, रंगरंगोटी, गरिबांना मदत हे वेगळ्या दानातून.

शनिवार सोडून बाकीचे दिवस तुमचं चर्च बंदच असतं का? – एक आजोबा, मिरज

आजोबा, दार बंद असलं तरी काम चालू असतं. बुधवारी संध्याकाळी प्रार्थना सभा, पंधरा-वीसच माणसं येतात, पण तिथे ज्याचं जे दुखतंय ते तो मोकळं बोलतो. मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या मुलांसाठी बायबल स्कूल, गाणी, चित्रं, कागदकाम. बायकांची डॉर्कस सोसायटी असते, बायबलमधली डॉर्कस विधवांसाठी कपडे शिवायची तिच्या नावानं. आमच्या डॉर्कसच्या कपाटात धुतलेल्या साड्या, स्वेटर, बाळंतविडे घडी करून ठेवलेले असतात आणि किल्ली तिघींकडे असते, म्हणजे रात्री कोणाला लागलं तरी अडायला नको. लॉकडाऊनमध्ये शब्बाथ मोबाईलवर झाला, आजी-आजोबांना म्यूट काढायला शिकवण्यातच आमचे दोन महिने गेले, पण डीकन मुलं सोसायटीच्या गेटवर किराण्याच्या पिशव्या ठेवून यायची आणि पिशवीत त्या आठवड्याचा धडा घातलेला असायचा.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. शाळेतल्या मित्राबरोबर त्याला पाथफाइंडर क्लबला जायचंय. आम्ही ख्रिश्चन नाही. – एक आई, पिंपरी

जाऊ द्या. 10 ते 15 वर्षांच्या मुलामुलींचा क्लब आहे, 1950 पासून चर्चनं अधिकृत चालवलेला, स्काउटसारखा समजा. युनिफॉर्म, गळ्यात पिवळा स्कार्फ, परेड, गाठी मारणं, प्रथमोपचार, पक्षी ओळखणं, तारे ओळखणं, एकेक विषय पूर्ण केला की बॅज. बाहेरच्या मुलांनाही घेतात. मात्र प्रार्थना आणि बायबल त्यात असतंच, ते लपवून ठेवलेलं नसतं, तुम्हाला चालत असेल तरच पाठवा, आणि पहिल्या दोन वेळा स्वतः जाऊन मागे बसा, कॅम्पला पाठवायच्या आधी सोबत कोण मोठी माणसं आहेत, मुलींबरोबर बाई आहे का, हे विचारायचंच. हे मी कुठल्याही क्लबबद्दल सांगितलं असतं.

ताई, मी स्वतः ॲडव्हेंटिस्ट आहे, अभ्यास करून दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. आता परीक्षेचा एक पेपर शनिवारी आलाय. मित्र म्हणतात एक दिवसानं काय होतंय. घरचे आधीच नाराज आहेत. काय करू? – एक वाचक, नांदेड

बाळा, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. एक दिवसानं काय होतंय हे मलाही खूप जणांनी ऐकवलंय. मी शिक्षिका होते, आणि आपल्याकडे शनिवारची सकाळची शाळा असते हे तुला माहीतच आहे. एका शाळेत मी मुलाखतीतच सांगितलं की शनिवारी येणार नाही, त्याबदल्यात रोज एक जादा तास घेईन, सहलीला, गॅदरिंगला रविवारी येईन, तर ते हो म्हणाले, मग सहा महिन्यांनी तेच कारण काढून मला कमी केलं. मी बसस्टॉपवर रडले. दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापक बाईंनी एवढंच विचारलं, रविवारी नक्की याल ना, आणि मी तिथून रिटायर झाले. म्हणजे दोन्ही होतं. तुला कोणी सांगेल की विश्वास ठेव, सगळं सुरळीत होईल, तर मी तसं सांगणार नाही, कधीकधी किंमत मोजावी लागते.

पण आधी मागून तर बघ. ब्राझीलमध्ये त्यांची मोठी प्रवेश परीक्षा शनिवारी असायची, तेव्हा तिथली आपली ॲडव्हेंटिस्ट मुलं दुपारी सगळ्यांबरोबर हॉलमध्ये जायची आणि एका वेगळ्या खोलीत सूर्य मावळेपर्यंत नुसती बसून राहायची, मग पेपर लिहायची. वर्षानुवर्षं. शेवटी 2017 पासून ती परीक्षा दोन रविवारी घ्यायला लागले. आपल्याकडेही राज्य सरकारच्या ऑफिसांना फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झालाय, त्यामुळे पूर्वीसारखं शनिवारचं नाव काढलं की लोक दचकत नाहीत.

उद्याच्या उद्या पाळकसाहेबांकडून चर्चच्या लेटरहेडवर पत्र घे की तू सभासद आहेस आणि शब्बाथ काय असतो. तुझा अर्ज वेगळा, एक पान, भांडण नाही, दुसऱ्या दिवशी किंवा सूर्यास्तानंतर पेपर देता येईल का, नाहीतर पुढच्या वेळी फक्त तो विषय देता येईल का, असे पर्याय तूच लिही. प्राचार्यांना स्वतः भेट, एक प्रत परीक्षा विभागाला, दोन्हीवर पोच घे. उत्तर नाही असं आलं तर काय करायचं ते तुझं तू ठरवायचं, आणि तू पेपरला बसलास तरी मंडळीत कोणी तुझ्याकडे वाकड्या नजरेनं बघता कामा नये, आमच्यात तेही होतं आणि ते मला पटत नाही. घरच्यांशी वाद घालू नकोस, रविवारी आईला बाजाराला घेऊन जा, तुझा रविवार मोकळाच असतो ना. अर्जाचा मजकूर लिहून मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठव, मी नीट करून उलट टपाली परत पाठवते.